घसरणीवरचा काळा दगड

"मग हा ब्रेक कशाला दिलाय, उस्ताद?"

निनाद खराडेच्या एकचाकी सायकलला सीटखाली ब्रेकची मूठ होती. बाबालाल उस्तादांनी ती सुतळीनं करकचून बांधून टाकली होती.

"घाबरलास की हात कुठं जातो तुझा?"

"ब्रेकवर."

"चाक थांबतं?"

"जागच्या जागी."

"आन् तू?"

निनाद डावा गुडघा चोळत राहिला…

उस्तादांनी चाळीस वर्षं सर्कशीत काढली होती. डोक्यावर सात घागरी घेऊन ते एका चाकावर रिंगणाला फेऱ्या मारायचे. आता पंचाहत्तरी ओलांडली होती आणि टेकडीच्या पायथ्याशी एका खोलीत राहत होते. बोलणं मोजकं. समोरच्याला राग येईल इतकं मोजकं.

निनाद सपाटीवरचा बहाद्दर. एका चाकावर त्याला गाठणारा आसपासच्या चार तालुक्यांत कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगायचा. या टेकडीनं मात्र त्याला दोनदा पाडलं. दोन्ही वेळा मधल्या घसरणीवर, एका काळ्या दगडापाशी. दोन्ही वेळा डावा गुडघाच सापडला. तिसऱ्यांदा पडलास तर चाक कायमचं विसर, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्याला एकदाच माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाय न टेकता खाली यायचं होतं. मग सोडून देईन, म्हणायचा. असं म्हणणारे सोडत नाहीत, हे उस्तादांना ठाऊक होतं.

आठ दिवसांत उस्तादांनी तीन गोष्टी सांगितल्या. सीट चार बोटं खाली घे. भार बुडावर ठेव, पायांवर नको. आणि तिसरी…

"खाली जाणारा पाय आपसूक जातोय. वर येणाऱ्याला दाब."

"एवढंच?"

"एवढंच."

बाकी रोज सकाळी एकच काम. चाक खांद्यावर घ्यायचं, टेकडी चढायची आणि अनवाणी चालत उतरायची. चाकावर बसायचं नाही. निनादचे तळवे सोलवटले. हे शिकवणं आहे की शिक्षा, असं तो दोनदा पुटपुटला. उस्तादांना ऐकू आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फेरी वाढवली.

एकदा बोलता बोलता उस्तादांनी तंबूतली रीत सांगितली होती. खेळाआधी रिंगण दुसऱ्याला झाडू द्यायचं नाही. ज्याला चाकावर बसायचं त्यानंच गुडघ्यावर बसून भुसा हातानं चाचपायचा. हरभऱ्याएवढा खडा राहिला तरी सातही घागरी खाली.

निनादनं त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, यानं तर टेकडीच फुंकली. आठव्या दिवशी संध्याकाळी तो खराटा आणि घमेलं घेऊन वर गेला. घसरणीवरचा दगड न् दगड उचलून बाभळीखाली ढीग केला. काळा दगड पहारीनं उपटला. वाट अंगणासारखी लख्ख झाडून काढली.

सकाळी उस्ताद काठी टेकत वर आले. झाडलेली वाट पाहिली. ढीग पाहिला.

"तुमच्या तंबूची रीत पाळली," निनाद म्हणाला. त्याला शाबासकी हवी होती, आणि ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"सगळे काढलेस?"

"एकही ठेवला नाही."

"बरं… चाल आता. रोजच्यासारखा."

"आज चाकावर बसू द्या ना."

उस्तादांनी चाक स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि दगडी कट्ट्यावर बसले.

निनाद अनवाणी निघाला. पहिली दहा पावलं ठीक गेली. अकराव्याला टाच सरकली. उघड्या मुरमावर बोटांना धरायला काही नव्हतं. पाय रोवायला गेला तसा आणखी वेगानं खाली गेला. शेवटी बुडावर आपटून, दोन्ही तळहात सोलून तो थांबला. गुडघा वाचला, तो मात्र नशिबानं.

आठ दिवस तो याच वाटेनं खाली न बघता उतरला होता.

तो उठला, बाभळीकडे गेला आणि घमेलं भरू लागला.

चार दगड वाटेवर परत ठेवल्यावर तो वर बघून म्हणाला, "कुठला कुठं होता ते आठवत नाही."

"मला काय विचारतोस? पायाला विचार."

त्यात दिवस गेला. दगड ठेवायचा, त्यावर पाऊल टाकायचं, जरा सरकवायचा, परत पाऊल टाकायचं. उस्ताद दुपारी खाली जाऊन जेवून आले. निनाद जेवला नाही.

दुसऱ्या सकाळी उस्ताद पायथ्याशीच बसून राहिले. निनाद माथ्यावर चाकावर बसला. सुतळी अजून तशीच होती.

तो निघाला. वर येणारा पाय दाबून वेग आवरत, दगडाला चाक टेकवत. प्रत्येक दगडावर चाक क्षणभर दम खायचं आणि पुढं सरकायचं. घसरण आली. मधोमध एका जागी चाक एकदम सुटलं, निनादचा हात ब्रेककडे गेला, सुतळीला लागला आणि परत आला. त्यानं वर येणारा पाय जीव खाऊन दाबला. पुढचा दगड मिळाला, चाक सावरलं.

तो पायथ्याशी आला. पाय टेकला नव्हता.

त्याचे डोळे भरून आले. तो वाकून उस्तादांच्या पायाला हात लावायला गेला, तर उस्तादांनी पाय मागं घेतले.

"मधी चाक सुटलं तुझं."

"जरासं."

"कुठं?"

निनादची नजर वर, बाभळीकडे गेली. ढीग संपला होता. झाडाच्या बुंध्यामागं, कोणाला दिसू नये असा, तो काळा दगड एकटाच पडला होता…

गुडघ्यावर हात टेकून उस्ताद सावकाश उठले.

"जा, त्याला त्याच्या जागी ठेवून ये. मी तोवर चहा टाकतो."