घाणेरीला कोंडवाडा

मोरखडी संस्थानात दवंडी पिटली गेली. येत्या अमावस्येला ज्याच्या रानात घाणेरीचं एक जरी रोप दिसेल, त्याचं रान सरकारजमा! आणि त्याच दमात पुढं: सरकारी माळावरच्या घाणेरीला जो हात लावेल, त्याला पंचवीस फटके.

ठमीला आधी वाटलं, दवंडीवाल्यानं दोन वेगळ्या राज्यांच्या दवंड्या एकात कालवल्या.

तिचं आणि तिच्या म्हाताऱ्या बापाचं, बाळोबाचं, रान सरकारी माळाला खेटून होतं. सगळं मिळून तेवढंच रान. माळावर घाणेरी पुरुषभर वाढलेली. ती खुद्द धैर्यशीलराजांनी लाल-पिवळ्या फुलांच्या हौसेपायी परमुलखातून जहाजानं आणली होती. फुलांमागून काळी फळं आली, फळांवर बुलबुल आले, आणि बुलबुलांनी खाल्लेल्या बिया जिथं पडायच्या तिथं पडल्या. बहुतेक बाळोबाच्या बांधावर. ठमी उपटून उपटून थकायची आणि बुलबुल पेरून जायचे. इतक्या नेमानं बाळोबाही पेरत नसे.

ठमी वाड्यावर गेली. तिथं तणखात्याचे कारभारी अप्पाजीपंत यांनी तिला शांतपणे समजावलं की घाणेरी दोन प्रकारची असते. रयतेच्या रानात उगवते ते तण आणि सरकारी माळावर उगवते ती शोभा. ठमीनं मान डोलावली आणि थेट राजांपुढं जाऊन उभी राहिली.

"सरकार, एकच इचारते. ही घाणेरी हाय कुणाची?"

"कुणाची म्हणजे? आमची. आम्ही आणली. संस्थानातलं घाणेरीचं झाडन् झाड आमचं."

"माझ्या बांधावरचं पण?"

"तुझ्या बांधावरचं पण."

ठमीनं मुजरा केला आणि घरी आली. बाळोबानं विचारलं, काही सवलत मिळाली का? ती म्हणाली, "आबा, घरात दावी किती हायेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडवाड्याच्या दारात ठमी उभी. मागं बैलगाडी, गाडीत मुळासकट उपटलेली घाणेरीची बासष्ट झुडपं, आणि प्रत्येकाच्या बुंध्याला दावं बांधलेलं.

कोंडवाड्याचा राखणदार सटवाजी हा नेमानं चालणारा माणूस. नेम असा होता, की एकाच्या मालकीचं दुसऱ्याच्या पिकात शिरलं आणि नासधूस केली, की ते कोंडायचं. मग मालकानं स्वतः यायचं, चारचौघांत चूक कबूल करायची आणि दाव्याला धरून स्वतः घरी न्यायचं. नेमात ढोराचं नाव कुठं नव्हतं, हे सटवाजीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यानं मालक कोण ते विचारलं. ठमीनं सांगितलं. सटवाजीनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"मारकं हाय का?"

ठमीनं ओरखडलेले हात दाखवले. सटवाजीनं दार उघडलं.

कोंडलेल्याला दोन वेळा पाणी पाजायचं, हाही नेमच. सटवाजीनं पाजलं. घाणेरीला पालवी फुटली. ते बघून बाकीचे शेतकरीही आपापल्या बांधावरची घाणेरी दाव्याला बांधून घेऊन आले. चौथ्या दिवशी कोंडवाड्यात म्हशीला उभं राहायला जागा उरली नाही. गावची मोकाट ढोरं खुशाल हिंडू लागली, आणि एका रेड्यानं अप्पाजीपंतांचा सगळा गुलाबाचा ताटवा फस्त केला. त्याला कोंडायचं कुठं?

शेवटी सटवाजी भर दरबारात गेला. "सरकार, तुमची तीनशे दहा जनावरं माझ्याकडं कोंडल्यात. न्यायला या. आणि खायला काय घालू तेवढं सांगा."

राजे आले ते घोड्यावरून, लालबुंद होऊन. सगळं गाव आधीच जमलं होतं.

"काय गं पोरी, झाडाला पाय असतात का? चालत आलं होय ते तुझ्या रानात?"

"न्हाई सरकार. बुलबुलावर बसून आलं."

"मग बुलबुलाला कोंड!"

"चोर घोड्यावर बसून आला, तर सरकार घोड्याला तुरुंगात टाकत्यात का?"

राजांच्या घोड्यानं कान टवकारले. बायकांनी तोंडाला पदर लावले. पंत राजांच्या कानाशी लागले आणि राजांनी विचारलं, "समज, आम्ही म्हटलं ही घाणेरी आमची नव्हेच. मग?"

"मग लई झाक. माळावरची पण तुमची न्हाई. सारं गाव आत्ता कोयते घेऊन जातं. फटके मारायचे कुणी आणि कशापायी?"

"आणि आमचीच म्हटलं, तर?"

"तर ही तीनशे दहा दाव्याला धरून घरी न्या. नेमच हाय. सुटून परत रानात येऊ नयेत म्हणून ओढाळ ढोराला लोढणं बांधत्यात, तसं माळावरच्या एकूण एक झुडपाच्या गळ्यात लोढणं बांधा. घाणेरीचा गळा कुठं असतो, ते पंत दाखवतील. आणि सरकार, ज्याच्या रानात घाणेरी त्याचं रान जप्त, ही दवंडी तुमचीच. अमावस्या परवा. माळ तुमचा, घाणेरी तुमची. पंतांना सांगा, सरकारचं रान सरकारजमा करून घ्या म्हनावं."

राजांनी पंतांकडं पाहिलं. पंत आपल्या जोड्यांकडं बघत होते. राजांच्या मिशीची आधी एक बाजू हलली, मग दुसरी, आणि मग ते असे गदगदून हसले की घोड्यावरून उतरावंच लागलं.

त्यांनी तिथंच हुकूम सोडला. आधी सरकारी माळ साफ होईल, मगच रयतेच्या बांधाकडं बघायचं, आणि घाणेरीपायी कुणाचं रान जाणार नाही. बाळोबाच्या बांधालगतचा दहा बिघे माळ मोकळा झाला की त्याच्या नावे. तणखातं ठमीच्या हवाली.

"आणि पंतांचं काय करायचं?" राजांनी डोळे पुसत विचारलं.

ठमीनं कमरेचा कोयता काढून पंतांच्या हातात दिला, आणि मूठ कुठल्या बाजूला असते ते दाखवलं.