दाटलेला श्वास

एकदा एका डोंगराळ गावातली एक आई आपल्या दीड महिन्याच्या बाळाला घेऊन शहरातल्या धर्मादाय रुग्णालयात आली. तिचं नाव कौसल्या. बाळाला धाप लागली होती. दूध ओढता ओढता ते मध्येच थांबे, मान टाकी, आणि त्याच्या ओठांभोवती निळसर छटा उमटे. गावाकडे न्यूमोनिया समजून औषधं झाली होती. गुण मात्र आला नव्हता.

त्या वेळी कामावर शाल्मली होती. लहान मुलांच्या शस्त्रक्रिया शिकणारी, बुद्धीने तल्लख, हाताने चपळ. तिने ताबडतोब एक्स-रे काढवला. छातीची डावी बाजू हवेने काळीभोर दिसत होती आणि हृदय उजवीकडे ढकललं गेलं होतं. फुफ्फुस फुटून हवा छातीत साठली आहे, असं तिने क्षणात ठरवलं. अशा वेळी सुई टोचून ती हवा बाहेर काढतात.

"डॉक्टर, काहीतरी करा हो! पोरगं जातंय माझं," कौसल्या रडत म्हणाली.

शाल्मलीने सुई उचलली. तेवढ्यात तिचे गुरू, वृद्ध शल्यविशारद खांडेपारकर, आत आले. त्यांनी बाळाकडे पाहिलं, एक्स-रे उजेडासमोर धरला आणि शांतपणे म्हणाले, "सुई खाली ठेव."

नर्सने श्वास देण्याचा फुगा पुढे केला होता. तोही त्यांनी बाजूला ठेवायला लावला. नाकापाशी मंद प्राणवायू सोडला आणि बाळाला आईच्या खांद्याशी उभं धरायला दिलं. "बाई, तुम्ही रडलात की तो रडेल, आणि रडला की धाप वाढेल. त्याला थोपटा."

शाल्मलीचा संताप अनावर झाला. "सर, बाळ निळं पडतंय. आपण नुसतं बघत बसायचं?"

"बघायचंच राहिलंय अजून," ते म्हणाले. "स्कॅन करून घे. शस्त्रक्रियेची तयारी ठेवायला सांग."

स्कॅन पाहताच त्यांनी बाळाला शस्त्रक्रियेसाठी घेतलं. भूलतज्ज्ञाला त्यांनी बजावलं, "छाती उघडेपर्यंत त्याला त्याचाच श्वास घेऊ दे. आतमध्ये जोराने हवा सोडू नकोस."

छाती उघडली मात्र, डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग टम्म फुगून जखमेतून आपणहून वर आला. काहीच फुटलेलं नव्हतं. त्याच्या ओझ्याखाली खालचा निरोगी भाग चेपून, सुरकुतून पडला होता. आपली सुई कुठे शिरली असती, ते शाल्मलीला समोर दिसत होतं.

गुरूंनी एकेक रक्तवाहिनी बांधली आणि तो भाग काढून घेतला. दबलेलं फुफ्फुस हळूहळू उलगडलं, गुलाबी झालं.

हात धुताना शाल्मलीने विचारलं, "सर, तुम्हाला कसं कळलं?"

"त्या काळ्या भागात फुफ्फुसाच्या पुसट रेषा होत्या. हवा बाहेर सांडली असती, तर त्या दिसल्या नसत्या. त्या भागाची श्वासनलिका जन्मतःच लेचीपेची होती. श्वास आत जाई, पण बाहेर पडताना ती मिटे आणि हवा आतच कोंडे. फुग्याने आपण आणखी हवा कोंबली असती आणि त्यालाच जीवदान म्हटलं असतं."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. आईचा आकांत ऐकून माझाही हात शिवशिवतो. पण त्या घाईत उचललेली सुई आपल्या भीतीवरचा उपचार असते, शाल्मली. टोचली जाते मात्र बाळाला."

शाल्मली तेच हात पुन्हा पुन्हा धूत राहिली. नळ कितीतरी वेळ वाहत राहिला.

बाळ घरी जायच्या दिवशी कौसल्येने तिला दारातच गाठलं. "ताई, हे परत तर नाही ना होणार? नाही म्हणा एकदा."

'नाही' हा शब्द शाल्मलीच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला. "बसा जरा," ती म्हणाली. "आधी मला त्याला नीट तपासू द्या."

तिने स्टेथोस्कोप बाळाच्या छातीला लावला, डोळे मिटले, आणि दोन्ही बाजूंचा श्वास ती सावकाश ऐकत राहिली.