घेवड्याच्या वेलीची राख

वेलींना बोलता यायचं, त्या काळची ही गोष्ट. सगुणाबाईच्या परसात घेवड्याची एक वेल होती. अख्खा हंगाम तिने घराला शेंगा पुरवल्या. म्हणून सगुणाबाईने तिच्या भरदार शेंगा बियाण्याला राखल्या आणि कुणी तोडू नये म्हणून त्यांना लाल चिंधी बांधली. वेलीचा ऊर भरून आला.

पण पुढे तिच्या पानांवर पिवळे चट्टे उठले, पानं आक्रसली. हा रोग बियांतून लेकरांत उतरतो, हे तिला ठाऊक होतं.

सगुणाबाई शेंगा काढायला आली तेव्हा वेल म्हणाली, "बाई, माझं बी पेरू नकोस."

"अगं, एवढं खाऊ घातलंस आम्हाला! तुझा वंश बुडवू?"

"मग अजून एकदा खा. उसळ कर, खाणाऱ्याला काही होत नाही. चिंधी मात्र कोपऱ्यातल्या त्या निरोगी वेलीला बांध."

सगुणाबाईने डोळे पुसत चिंधी सोडली. वेल उपटून वाळवली, चुलीत घातली आणि तिच्याच जाळावर उसळ शिजवली.

कोपऱ्यातल्या वेलीचं बी वाळलं, तेव्हा सगुणाबाईने ते त्याच राखेत घोळून मडक्यात भरलं.

अंधारात बिया कुजबुजल्या, "आम्हाला एवढं मायेनं लपेटणारी तू कोण गं?"

"तुमची मावशी," राख म्हणाली. "निजा आता. कीड यायची नाही."