पायरीचा झरा

एका दगडाळ जंगलात रानडुकरांचा एक कळप राहत असे. उन्हाळ्यात नदी आटली, की ही रानडुकरे तिच्या वाळूत झरा खणून पाणी काढत. त्यांचा नियम एकच होता. खणेल तो आधी पिईल, बाकीच्यांनी उरलेला गाळ प्यावा. त्या कळपात एक रानडुकरीण होती. शिकाऱ्याच्या फासात तिचा पुढचा एक पाय गेला होता. सगळे तिला 'लंगडी' म्हणत. मुलांनो, आपण मात्र तसे म्हणायचे नाही.

कळपाचा झरा भिंतीसारखा सरळ खाली खणलेला असे. तीन पायांवर तोल सावरून तिथे तिला जोर लावता येईना. खणले नाही म्हणून तिच्या दोन पिलांच्या वाट्याला रोज गाळच येई. धाकटे पिलू तर तो पिऊन आजारी पडले. शेवटी धीर करून ती म्होरक्याला म्हणाली, "दादा, झऱ्याच्या कडेला एक रुंद पायरी ठेवा. तिच्यावर छाती टेकून मी तुमच्या बरोबरीने खणीन."

म्होरक्या हसला. "अगं, झरा असाच खणतात. पाय तुझा गेला, त्याला झरा काय करणार? तू आपली सावलीत बस. उरेल ते देऊच की!" त्याच्या मनात वाईट काही नव्हते, पण तिच्या काळजाला घरे पडली.

बसून कसली राहते ती! नदीच्या पलीकडच्या वळणावर तिने एकटीने झरा खणायला घेतला. आधी उतार केला, मग एक रुंद पायरी, मग आणखी एक. तोंड सोलवटून निघाले, पण पाचव्या दिवशी तिची पिले पोटभर स्वच्छ पाणी प्यायली.

इकडे कळपाच्या झऱ्याची सरळ कड ढासळली आणि म्होरक्या वाळूखाली सापडला. इतरांनी त्याला ओढून काढले. जीव वाचला, पण पुढचा पाय कायमचा अधू झाला. कळपाने शेजारी दुसरा झरा खणला, तोही तसाच सरळ! "दादा, तुम्ही सावलीत बसा हं," सगळे मायेने म्हणाले. संध्याकाळी त्याच्या वाट्याला गाळ आला. तो त्याला गिळवेना.

खुरडत खुरडत तो रानडुकरिणीच्या झऱ्यावर आला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, चुकलो मी. उरले असेल तर घोटभर पाणी दे."

"उरलेले कशाला, दादा?" ती बाजूला सरकत म्हणाली. "या पायरीवर छाती टेका आणि माझ्या शेजारी खणा. खणेल तो आधी पिईल."

म्होरक्याचे डोळे भरून आले. त्याने छाती टेकली आणि खणायला सुरुवात केली.

तात्पर्य : एखाद्याला काम जमत नाही असे ठरवण्याआधी, कामाची जागा त्याला जमेल अशी आपण केली आहे का, हे पाहावे.