चित्रलतेचे तीन शिष्य

एका राज्यात एके सकाळी कोणाच्याच गळ्यात सूर उरला नाही. देवळातल्या घंटा लाकडासारख्या वाजू लागल्या, जात्यावरच्या ओव्या नुसत्या बोलण्यासारख्या झाल्या, आणि आयांना अंगाई सुचेना म्हणून तान्ही मुले रडत राहिली. काळ्या पहाडावरच्या करालनाद जादूगाराने राज्याचे सगळे सूर तांब्याच्या एका घड्यात कोंडले होते. त्याला सर्व विद्या येत होत्या, पण गाणे येत नव्हते.

राजा सुमेधाने दोन दरबारी गवई पाठवले. त्यांनी घड्याला हात लावला, आणि ते जागीच दगड झाले.

त्याच नगरात चित्रलता नावाची एक विधवा होती. ती घरोघर जाऊन गाणे शिकवी आणि त्यावरच पोट भरी. तिच्या अंगणातली साळुंकी तिला म्हणाली, "बाई, घडा हाताने उघडत नाही. जादूगाराला अट विचार."

चित्रलता पहाड चढली. तिने अट विचारली. करालनाद हसला.

"मी नेमीन त्या तिघांना गाणे शिकव. एकेकाने एकेक ओवी सुरात म्हटली, की घड्याला एकेक चीर जाईल. तिसऱ्या चिरेला घडा फुटेल. मुदत सहा महिने. शिकवण्यापुरता तुझा आणि त्यांचा गळा मोकळा करतो. हरलीस तर तिसरा दगड तू."

"शिष्य कोण?"

"कुंभाराची पाच वर्षांची ठकू. ऐंशी वर्षांच्या राजमाता. आणि तिसरा मी."

"बरे," चित्रलता म्हणाली, आणि तशीच खाली उतरून कुंभारवाड्यात गेली.

ठकू चिमणीसारखी होती. बसली म्हणेपर्यंत उठलेली. चार दिवस चित्रलता तिच्यामागे धावली. पाचव्या दिवशी तिने चिंचेला झोका बांधला. झोका पुढे गेला की एक स्वर, मागे आला की दुसरा. महिन्याभरात ठकूने झोक्यावर उभे राहून सबंध ओवी म्हटली. पहाडावर घड्याला पहिली चीर गेली.

राजमाता म्हणाल्या, "बाई, माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या. आता कसले गाणे?"

"मसण कुठे पळून जात नाही, आईसाहेब. आधी षड्ज लावा."

त्यांना दम पुरत नसे, म्हणून चित्रलतेने ओवीचे लहान लहान तुकडे केले. पण आज शिकवलेले उद्या राहत नसे. रोज सकाळी त्या विचारीत, "आपण कोण?" रोज ती सांगे, "मी गाणे शिकवायला आले." आणि पहिल्यापासून सुरुवात करी. तीन महिने असे गेले. एकदा वाटेत बसून ती पोटभर रडली, डोळे पुसले आणि तशीच वाड्यात गेली. त्या दिवशीही राजमातांनी तिला ओळखले नाही. पण तिने तोंड उघडण्याआधीच त्यांनी ओवी म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. घड्याला दुसरी चीर गेली.

दोन महिने उरले. चित्रलता पहाडावर गेली.

करालनादाचा आवाज दरडीवरून धोंडे घसरावेत तसा होता. पहिल्या दिवशी त्याने मंत्राने कोकिळेचा कंठ घेतला आणि गोड गायला. घडा हलला नाही.

"हा गळा तुमचा नाही," ती म्हणाली. "पुन्हा."

मग तो हट्टाने चुकू लागला. त्याला जिंकायचेच कुठे होते?

ती म्हणाली, "मुद्दाम चुकायलासुद्धा सूर कळावा लागतो. तुम्हाला तो कळतच नाही."

करालनाद संतापला. त्याने काठी आपटली. चित्रलतेचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले. "पाय नसले तरी शिकवता येते. षड्ज लावा," ती म्हणाली.

त्याने काठी खाली ठेवली. हळूच म्हणाला, "लहानपणी गुरूंनी मला पहिल्याच दिवशी हाकलले होते."

"मी हाकलणार नाही. लावा."

त्या दिवसापासून तो खरोखर शिकू लागला. रोज पहाटे बसे, घसा फाटेपर्यंत बसे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सूर्य कलताना, त्याचा षड्ज लागला. स्वतःच्या गळ्यातून निघालेला तो सूर ऐकून तो थबकला. इथे थांबला असता तर तो जिंकला असता. तो थांबला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्याने ओवी पुरी केली.

घडा फुटला. गवई अंग झाडून उठले, चित्रलतेचे पाय मोकळे झाले, आणि खाली नगरातल्या साऱ्या घंटा एकदम घणघणल्या.

राजाने पहाडावर येऊन अर्धे राज्य देऊ केले. चित्रलता म्हणाली, "महाराज, राज्य सांभाळायला वेळ कुठे? सहा महिने बाकीचे शिष्य खोळंबले आहेत."

करालनाद मान खाली घालून पुढे आला. "बाई, माझी पुढची ओवी?"

"उद्या सकाळी. आणि आता मी पहाड चढणार नाही. तुम्ही उतरून यायचे."

तो उतरून आला, आणि दिवस कासराभर वर येईपर्यंत इतरांबरोबर षड्ज घोटीत बसला.