मातीचं पान

एकदा काय झालं, डोंगरावरच्या राक्षसाला भूक लागली. ती त्याला दरवर्षी लागायची आणि दरवर्षी खालच्या गावातलं एक जनावर जायचं. यंदा पाळी आली तुळसाक्काच्या चांदी गाईची. तुळसाक्काचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. घरात आता दोघीच, ती आणि चांदी.

मग तुळसाक्का डोंगर चढली आणि म्हणाली, "गाय कशाला खातोस? एकाच फळात तुझं पोट भरून देते."

राक्षस हसला. दातांत अडकलेल्या भोपळ्याच्या तीन बिया काढून त्यानं तिच्या हातावर ठेवल्या. "दे भरून. पौर्णिमेला खाली येतो. नाही भरलं, तर गाय. आणि दावं घट्ट बांध, म्हातारे. मागचा बैल पळाला होता."

बिया साध्या नव्हत्या, बरं का. सकाळी पेरली की संध्याकाळी वेल अंगणभर.

मग तिनं पहिली बी लावली. नवरा गेल्यापासून पानावर कुणी बसत नव्हतं, पण वाढायची हौस तशीच होती. तिनं शेणखताच्या पाट्यांवर पाट्या ओतल्या. वेल छपरावर चढला, पानं सुपाएवढी झाली. फळ मात्र एकही नाही.

मग दुसरी बी. आता शेणखत अजिबात नाही. चुलीतली होती नव्हती ती राख तिनं ओतली. पानं कडेनं करपली. भोपळा धरला तो लिंबाएवढा. तो चांदीनंच खाल्ला.

उरली एक बी. तुळसाक्का वाफ्यापाशी बसून राहिली. तेव्हा माती बोलली, "आक्का, पाहुण्याला कधी नुसत्या भातावर उठवलंस? की नुसत्या मिठावर?"

मग तुळसाक्का उठली. पानात वाढावं तसं तिनं मातीला वाढलं. कुजलेलं शेणखत भातासारखं, भरपूर. हाडांचा चुरा भाजीइतका. राख मिठाइतकी, डाव्या हाताला जराशी.

"आणखी थोडं?"

"नको."

"घासभर तरी?"

"आक्का, पुरे म्हटलं ना."

त्या घरातून आजवर कुणी आग्रहावाचून उठलं नव्हतं. तरी तुळसाक्कानं पाटी खाली ठेवली.

मग बी लावली. वेलाला तीन फळं धरली. तिनं दोन खुडली, एक ठेवलं. ते सकाळी घागरीएवढं होतं, दुपारी रांजणाएवढं, आणि चंद्र वर आला तेव्हा तुळसाक्काला आपलं घर दिसेना. भोपळ्याच्या पलीकडे राहिलं होतं ते.

राक्षस आला. त्यानं भोपळा सालासकट खाल्ला. बोटं चाटली, पोटावरून हात फिरवला.

"भरलं?"

"भरलं, आक्का," तो म्हणाला आणि डोंगरावर जाऊन आडवा झाला.

तो अजून उठलेला नाही. त्याच्या पोटावर आता गवत वाढलंय आणि गावाची गुरं तिथं चरतात. सगळ्यांत पुढे असते चांदी. तुळसाक्का दारात बसून तिच्याकडे बघते. बरं चाललंय तिचं.

तुमचीही पोटं भरलीत ना? मग मिटा डोळे.