आधी रांग

साऱ्या समुद्राला नुकतंच एक न्यायालय मिळालं होतं, त्या काळची ही गोष्ट. शंखात राहणाऱ्या टिकली नावाच्या इवल्या खेकडीला तिचा जुना शंख आवळत होता. तिला वाळूत भलाथोरला रिकामा शंख सापडला आणि तो कुणाचा, हा प्रश्न न्यायालयात गेला.

न्यायमूर्ती कासव म्हणाले, "किनाऱ्याकिनाऱ्याच्या रीती आता बंद. ज्याला सापडेल, त्याचा शंख!"

टिकली आत शिरली आणि गडगडतच गेली. "महाराज, यात मी हरवेन! बापजाद्यांच्या रीतीनं रांग लावू द्या."

"लावा बघू!"

किनाऱ्यावरचे खेकडे मापानं रांगेत उभे राहिले. थोरला खेकडा नव्या शंखात गेला, त्याच्या शंखात मधला, मधल्याच्या शंखात टिकली. सगळे ऐसपैस! हसून हसून न्यायमूर्तींची टणक पाठसुद्धा गदगदली.

टिकलीचा जुना शंख उरला. त्याची त्यांनी दौत केली आणि कायद्याच्या पोथीत लिहिलं, "शंख सापडला, की आधी रांग."